आईचं कॅल्शियम ८.१ आलं म्हणून हाडांचं इंजेक्शन पुढे ढकललं. रक्तात कॅल्शियम कमी असेल तर औषध हाडात बसत नाही का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं की लगेच "रिपोर्ट टाका" येतं, म्हणून सगळंच सांगते.

आई ७२ वर्षांची, कऱ्हाडला असते. वजन ४८ किलो. श्रावणात तुळशीपाशी पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावलं. मणक्याचा टी-स्कोअर उणे ३.१, खुब्याचा उणे २.७. मग त्यांनी झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन सुचवलं, ५ मिलिग्रॅमचं, वर्षातून एकदा सलाइनसारखं लावतात ते. आठवड्याच्या गोळीला आम्हीच नको म्हणालो. आईला आम्लपित्ताचा जुना त्रास, त्यात सकाळी उठून गोळी घ्यायची आणि अर्धा तास ताठ बसून राहायचं, तेही चहा न घेता! शक्यच नाही.

तारीख ठरली, मी पुण्याहून रजा काढून गेले, आणि रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, आत्ता नको. रिपोर्ट असे: कॅल्शियम ८.१ (लॅबच्या कागदावर ८.५ ते १०.२ लिहिलंय), अल्ब्युमिन ३.२, क्रिएटिनिन ०.९, ड जीवनसत्त्व ९, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) ११८. आठवड्याला एक ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची सॅशे आणि रोज दोनदा कॅल्शियमची गोळी दिली आहे. रक्त पुन्हा तपासून मग इंजेक्शन. ओपीडीत गर्दी इतकी होती की "का?" विचारायला तोंडच उघडता आलं नाही.

आता घरात दोन पक्ष पडलेत. मामा साखर कारखान्यात केमिस्ट होते, ते म्हणतात, हाडं कॅल्शियमला भुकेलेली असताना औषध उलट जास्त ओढून घेतील, थांबायचं कशाला? भावाने कुठेतरी वाचलंय की हे औषध कॅल्शियमला चिकटूनच हाडात जातं. म्हणजे रक्तात कॅल्शियम नसेल तर औषध लघवीतून फुकट जाणार, डॉक्टर बरोबर. मला दोन्ही पटतं, म्हणजे मला काहीच कळलेलं नाही. कोणी नीट सांगेल का?

रानवारा

इंजेक्शनच्या नादी लागू नका ताई. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना वाटीभर दह्यातून द्या रोज. आमच्या आजीने आयुष्यभर पानाला चुना लावून खाल्ला, ९१ व्या वर्षी आडावरून पाणी आणायची.

खलबत्ता

मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे आईला काय आणि कधी द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी फक्त "का?"चं उत्तर देतो.

आधी भावाचा मुद्दा, तो आकड्यावरच मिटतो. औषध ५ मिलिग्रॅम, रेणुभार २७२, म्हणजे झाले सुमारे १८ मायक्रोमोल (मोल हे रेणू मोजायचं माप). हे सगळं एका क्षणात आईच्या दोन-सव्वादोन लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, उतरलं असं धरा. उतरत नाही, निदान पंधरा मिनिटं लावून सोडायचं असतं, पण धरा. तरी लिटरला आठ-नऊ मायक्रोमोलच होतात. आणि कॅल्शियम? ८.१ म्हणजे लिटरला दोन मिलिमोल, म्हणजेच दोन हजार मायक्रोमोल. औषधाच्या एका रेणूमागे कॅल्शियमचे सव्वादोनशे-अडीचशे अणू हजर. ८.१ चं ९.५ झालं तर पावणेतीनशे होतील. औषधाला टंचाई भासण्याचा प्रश्नच येत नाही.

शिवाय रक्तातलं कॅल्शियम हे काही औषधाचं वाहन नाही. औषध बसतं ते हाडातल्या स्फटिकावर. मामा केमिस्ट आहेत तर त्यांना ही गोष्ट आवडेल: बॉयलरच्या आणि पाण्याच्या नळ्यांत क्षार बसू नये म्हणून फॉस्फोनेट घालतात ना, हे औषध त्याच घराण्यातलं. त्यातलं एचईडीपी नावाचं रसायन आणि एटिड्रोनेट हे हाडांचं जुनं औषध मुळात एकच. हर्बर्ट फ्लाइश नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात पाहिलं की लघवीतलं पायरोफॉस्फेट कॅल्शियमचे खडे जमू देत नाही. पण ते पोटातून दिलं तर शरीर त्याचे तुकडे करून टाकतं. मग मधला ऑक्सिजन काढून कार्बन घातलेले, सहजी न तुटणारे भाऊबंद वापरून पाहिले गेले, तेच बिस्फॉस्फोनेट. स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियमला धरून बसायचं, हा त्यांचा मूळ स्वभाव. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडादातांत असतं, किलोच्या आसपास. रक्तात जे मोजतात ते त्याच्यापुढे चिमूटभरही नाही.

मग औषध किती बसणार हे ठरतं कशावर? मुख्यतः दोन गोष्टींवर. एक, हाडाचा किती पृष्ठभाग उघडा पडलाय. ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड पोखरत असतात, जिथे पोखरणं चालू तिथे स्फटिक उघडा, आणि औषध तिथेच जास्त बसतं. पुढे तीच पेशी तो स्फटिक विरघळवताना औषधही गिळते आणि निकामी होते. दुसरी गोष्ट मूत्रपिंड. पहिल्या चोवीस तासांत साधारण चाळीस टक्के औषध लघवीतून जातं, उरलेलं बहुतेक हाडात मुरतं, आणि तिथून वर्षानुवर्षं हळूहळू सुटत राहतं. हा "फुकट" जाणारा वाटा कॅल्शियम चांगलं असलेल्यांचाही जातोच.

मूत्रपिंडावरून आठवलं, ०.९ क्रिएटिनिन बघून निर्धास्त होऊ नका. बारीक अंगाच्या, वयस्क बाईचा हा आकडा फसवा असतो. वय, वजन घालून हिशेब केला तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, ४३ च्या आसपास येतो. ३५ च्या खाली हे औषध देत नाहीत. आई अलीकडे आहे, पण फार अलीकडे नाही. इंजेक्शनच्या आधी-नंतर पाणी भरपूर, आणि मनगटासाठी ब्रुफेनछाप गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आता मामा. त्यांचं निदान बरोबर आहे. आईची हाडं औषध जास्तच ओढतील. पण त्याचा पुरावा कॅल्शियमच्या ८.१ मध्ये नाही, पीटीएचच्या ११८ मध्ये आहे.

८.१ हा आकडा तर आधी दुरुस्त करायला हवा. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी तर एकूण कॅल्शियम उगीच कमी दिसतं. ढोबळ सूत्र असं: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणायचं आणि मिळवायचं. ८.१ अधिक ०.६४ म्हणजे ८.७४. झालं की मर्यादेत! (सूत्र ढोबळच आहे, शंका असेल तर आयनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजतात.)

हे वाचून मामा म्हणतील, मग लावा की इंजेक्शन. तर ऐका. ड जीवनसत्त्व ९ आहे, म्हणजे आतडं अन्नातलं कॅल्शियम धड शोषत नाही. तरी रक्तात ८.७ टिकलंय कसं? पॅराथायरॉइड ग्रंथी सावकारासारखी हाडांकडून रोज वसुली करतेय म्हणून. ६५ च्या आत असायला हवं ते पीटीएच ११८ झालंय, ते त्याचंच लक्षण. रक्ताला कॅल्शियम सतत लागतं, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात, त्यामुळे शरीर हाडं झिजवेल पण रक्तातला आकडा पडू देणार नाही. "कॅल्शियम नॉर्मल आलं, हाडं ठणठणीत" असं समजणारे लोक मी आयुष्यभर पाहिले, त्यांत काही डॉक्टरही होते.

आणि आपण काय देणार आहोत? ही वसुलीच बंद करणारं औषध. हाडांत ते उत्तम बसेल, काम चोख करेल, आणि म्हणूनच गोत्यात आणेल. हाडातून यायचं थांबलं, आतड्यातून येत नाही, मग रक्ताने आणायचं कुठून? इंजेक्शननंतर कॅल्शियमचा तळ साधारण नवव्या ते अकराव्या दिवशी येतो. ड जीवनसत्त्व पुरेसं असलेल्यांना हे कळतही नाही. ९ वाल्याला कळू शकतं: ओठांभोवती मुंग्या, हातापायाला पेटके, क्वचित झटके किंवा हृदयाच्या ठोक्यांत गडबड.

थोडक्यात, डॉक्टर थांबलेत ते औषध बसावं म्हणून नव्हे. ते बसल्यावर रक्त कोरडं पडू नये म्हणून. या औषधाची जी मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ७,७०० बायकांवरची, ज्यात मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले, तिच्यात सगळ्यांना रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं होतं. म्हणजे ते आकडे कॅल्शियमसकट औषधाचे आहेत. त्याच वर्षी खुबा मोडलेल्यांवरची दुसरी चाचणी झाली, तीत ड जीवनसत्त्व १५ किंवा त्याहून कमी असलेल्यांना आधी मोठा डोस देऊन दोन आठवडे थांबले होते. तुमचे डॉक्टर तेच करताहेत.

रानवारा, आजींना नमस्कार. पण दाण्याएवढ्या चुन्यात कॅल्शियम भरेल फार तर वीस-तीस मिलिग्रॅम. कपभर दुधात दीडशेच्या वर असतं, त्यासाठी आम्लपित्तवाल्या बाईच्या पोटात चुना कशाला? आणि ड जीवनसत्त्व नसताना चुना काय, दूध काय, आतड्यातून बरंचसं तसंच पुढे जाणार. आजींना आडावरची उन्हं मिळत होती, हे विसरू नका.

गॅमाकॅमेरा

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. सर जे सांगताहेत ते आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून लिहितो.

बोन स्कॅनसाठी आम्ही टेक्निशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलेलं एमडीपी टोचतो. तेही याच जातीचं, डायफॉस्फोनेट. टोचल्यावर तीनेक तास थांबवतो, पाणी पाजतो, लघवी करून यायला सांगतो आणि मग कॅमेऱ्याखाली घेतो. हाडात बसलेलं तेवढं चमकतं, न बसलेलं मूत्रपिंडात आणि मूत्राशयात दिसतं. लहान मुलांच्या गुडघ्यांपाशी जिथे हाड वाढत असतं तिथे लख्ख पट्टे दिसतात, जुन्या सांध्यात मंद, ताज्या फ्रॅक्चरवर ठिपका.

आता कॅल्शियमचं बघा. ड जीवनसत्त्व खूप कमी होऊन हाडं मऊ पडलेला पेशंट येतो, कॅल्शियम कमी, पीटीएच वाढलेलं. त्याचा सांगाडा असा पेटलेला दिसतो की कधीकधी मूत्रपिंड दिसतच नाही, औषध सगळं हाडांनी खाल्लेलं. उलट थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड ग्रंथी गेलेला पेशंट घ्या. कॅल्शियम त्याचंही कमीच, पण पीटीएच नाही, हाडांची उलाढाल थंड. त्याचा सांगाडा तसा पेटत नाही. रिपोर्टात दोघांचं कॅल्शियम ७.८ असू शकतं.

आणि फार वाढलेलं असेल तर वेगळीच गंमत. बरेच दिवस कॅल्शियम चढलेलं असलं की एमडीपी हाडाबाहेर फुप्फुसांत, जठरात चमकायला लागतं, कारण तिथे कॅल्शियम साचायला लागलेलं असतं. असं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं रेडिओफार्मसीवाल्यांनी घोळ केला.

माईआजी

मुली, थांबवलं ते फार बरं झालं. मी ६९ ची. मला हेच इंजेक्शन दिलं, ड जीवनसत्त्व न तपासता. दवाखान्याचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, अंग असं ठणकलं की कूस बदलवेना. ते दोन दिवसांत पॅरासिटामॉलने गेलं. तो त्रास पहिल्या वेळी पुष्कळांना होतो म्हणे, त्याचं काही नाही.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात. भाकरी थापताना बोटांना मुंग्या. मला वाटलं मानेचं दुखणं. मग ओठ बधिर. सून म्हणाली बीपी बघू, तिच्याकडे ते घरचं मशीन आहे. पट्टा दंडावर आवळला, तसा माझा पंजा आपला आपणच आत वळायला लागला. अंगठा तळव्यात गेला, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकींना चिकटली. मी सोडवायला बघते तर सुटेना! सुनेने मशीन काढून फेकलं. तिला वाटलं लकवा आला. रात्रीच अॅडमिट केलं, कॅल्शियम ६.९. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं तेव्हा हात मोकळा झाला.

दुसऱ्या वर्षी आधी सॅशे घेतल्या, रक्त तपासलं, मग इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी मी पापड लाटत होते.

खलबत्ता

माईआजी, पट्टा आवळल्यावर पंजा वळणं ही रक्तात कॅल्शियम कमी असल्याची जुनी, नावाजलेली खूण. एकोणिसाव्या शतकात ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ती सांगितली. तुमच्या सुनेने नकळत तपासणी केली.

नाइटड्यूटी

सिस्टर आहे, वॉर्डातलं एक सांगते. झोलेड्रोनिक लावताना त्याच लाइनला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू नको. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, औषधाशी मिसळलं तर साका होऊ शकतो. लाइन वेगळी, हवं तर नॉर्मल सलाइन. आणि घाई करणारे नातेवाईक नकोत. "सिस्टर, जरा फास्ट करा ना, बस पकडायचीय" असं मला ऐकवलेलं आहे. बस चुकली तर चुकली, पंधरा मिनिटांच्या आत ते संपवायचं नसतं, मूत्रपिंडावर ताण येतो.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. खलबत्ता सर, तुमचं सगळं मामांना फोनवर वाचून दाखवलं. एचईडीपी ऐकल्यावर ते एकदम खूश, "आमच्या कूलिंग टॉवरला हेच घालायचो" म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास कारखान्याचाच विषय. पण पीटीएचचा मुद्दा त्यांना पटलाय.

आईकडे मात्र वेगळाच शोध लागला. कॅल्शियमची गोळी मोठी, गिळवत नाही, म्हणून ती अडकित्त्याने तिचे चार तुकडे करते आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेते. त्यातला एखादा तुकडा उडून फडताळाखाली गेला तर तेवढी सुट्टी. झाडताना तिथे पांढरी खडी सापडली! आम्लपित्ताची पॅन्टोप्रॅझोल तर रोजची आहेच.

अजून दोन शंका. चुलतबहीण म्हणते, ते सहा महिन्यांनी पोटावर टोचायचं डेनोसुमॅब घ्या, ते हाडात बसतच नाही म्हणे, मग कॅल्शियमची भानगडच नको. खरं का? आणि आईची खालची एक दाढ हलतेय. दातांचे डॉक्टर काढू म्हणालेत. हे आताच सांगते कारण आत्ताच तिने मला सांगितलं.

खलबत्ता

गोळी पाकिटावर बघा. कार्बोनेट असेल तर ते विरघळायला जठरात आम्ल लागतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यायचं. इथे उपाशीपोट आणि त्यात पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे दोन्हीकडून नाट. डॉक्टरांना सिट्रेटबद्दल विचारा, त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. चावून खायच्या गोळ्याही मिळतात, अडकित्ता सुपारीलाच राहू द्या. आणि पुन्हा रक्त तपासाल तेव्हा कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन, क्रिएटिनिनही हवंच.

डेनोसुमॅब हाडात बसत नाही हे खरं. ती अँटिबॉडी आहे, ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायला जो निरोप लागतो तोच ती वाटेत अडवते. पण वसुली तीही बंद करते, आणि जोरात करते. त्यामुळे कॅल्शियम तिच्यानेही पडतं, तळ दहाव्या दिवसाच्या आसपासच. डायलिसिसवरच्या रुग्णांत तर इतकं पडलं की अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. म्हणजे ड जीवनसत्त्व ९ असताना तेही नाहीच. शिवाय हाडात साठा राहत नसल्याने डोस चुकवला की पोखरणं आधीपेक्षाही जोरात उसळतं, मणके एकामागोमाग दबलेली उदाहरणं आहेत. सहा महिन्यांची तारीख जी घरं पाळतात त्यांच्यासाठी ते चांगलं औषध आहे. ज्या घरात गोळीचे तुकडे फडताळाखाली जातात तिथे मी तरी वर्षाचंच सुचवलं असतं, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आकडा पुढे ३५ च्या खाली गेला तर हा विचार तसाही करावा लागेल.

दाढ आधी काढा. इंजेक्शननंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, डोसला तो फार थोडा, कर्करोगात महिन्या-महिन्याला देतात तिथे बराच जास्त. पण आता सॅशेंसाठी थांबावं लागतंच आहे, तर तेवढ्यात उरकून घ्या. हिरडी पूर्ण भरल्याचं दातांच्या डॉक्टरांकडून कळलं की मगच तारीख घ्या, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाढेचं सांगा. आईंना विचारा, अजून काही सांगायचं राहिलंय का.

कोयनाकाठ

विचारलं. कवळीही टोचते म्हणे.